बाही शेवटची यावेळी नक्की

६ मार्च, रविवार

पाचवा स्क्रू सापडेना. खुर्ची सरकवली, पायपुसणं झटकलं, खिसे उलटे केले. शेवटी चार स्क्रूंवर कॉम्प्युटरचं कॅबिनेट बंद केलं. हलवून पाहिलं, हललं नाही. म्हणजे पाचवा मुळात जास्तीचाच होता. कारखान्यात देतात ठोकून एखादा.

आतली सगळी धूळ काढली, मुलीच्या हेअर ड्रायरने. धूळ आतून निघून पलंगावर बसली, म्हणजे पद्धत बरोबर आहे. पंख्याचा आवाजही सुधारला. आधी घरघरायचा, आता शीळ घालतो.

कॉम्प्युटर मंद झालाय ही तक्रार घरात सगळेच करतात. उपाय करणारा मी एकटा.

बायको दारात उभी राहून बघत होती. तिचं म्हणणं असं की एकवीस तारखेपर्यंत या यंत्राला कोणी हात लावू नये. ती शिवणक्लास चालवते. गेली दोन वर्षं बेतण्या-कापण्यावर पुस्तक लिहिते आहे. मजकूर, आकृत्या, सगळं याच कॉम्प्युटरवर. एकवीसला ते प्रकाशकाकडे पोचलं तर नव्या सत्रापासून शिवणशाळेत तेच लागणार. नाही पोचलं तर शाळा दुसऱ्या कोणाचं तरी घेणार, आणि एकदा घेतलेलं पुस्तक शाळा लवकर बदलत नाही. हे तिने मला आधीही सांगितलं आहे. बरेचदा.

हात लावणार नाही असा शब्द दिला. मेंटेनन्स म्हणजे हात लावणं नव्हे.

जाताना म्हणाली, तेवढा स्वयंपाकघरातला कचऱ्याचा डबा खाली नेऊन रिकामा कर. मी स्क्रू शोधत होतो. तिनेच नेला.

संकल्प: यापुढे घरातल्या कॉम्प्युटरची संपूर्ण जबाबदारी माझी. ऑफिसात प्रिंटरची कार्ट्रिज बदलता येणारा मी एकटाच आहे, हे घरात कोणाला माहीत नाही.


७ मार्च, सोमवार, सकाळ

चालू होत नाही. स्क्रीन काळी. ऑफिसला उशिरा येतो असं कळवलं. यंत्राबरोबर आलेली पुस्तिका पहिल्या पानापासून वाचली. निदान: वीजपुरवठ्यात गंभीर दोष. बहुधा आतला पार्ट बदलावा लागेल. बायकोला समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि मुलीला हाक मारली.

मुलगी कानातले हेडफोन न काढता आली, टेबलामागे वाकली, प्लग आत दाबला, परत गेली.

चालू झालं. दोष वीजपुरवठ्यातच होता. माझं निदान तंतोतंत बरोबर. घरात कोणी दखल घेतली नाही.


९ मार्च, बुधवार

मंदपणाचं मूळ सापडलं. अँटिव्हायरस. एकच होता. एका पहारेकऱ्याला डुलकी लागली तर काय, याचा विचार कोणी केलाच नव्हता. दुसरा बसवला. फुकट होता. त्याच्याबरोबर हवामान सांगणारी एक पट्टी आणि एक पत्त्यांचा डाव आपोआप आला. ती कंपनीची मेहरबानी.

संध्याकाळ: दोघा पहारेकऱ्यांनी एकमेकांना चोर म्हणून पकडलं आहे. दर थोड्या वेळाने घंटा वाजते. मी दोघांनाही "परवानगी द्या" म्हणतो. यंत्र आधीपेक्षा सावकाश चालतं, पण सुरक्षितपणे सावकाश चालतं.

बायकोने बाहीची एक आकृती उघडायला लावली, चहा टाकला, प्यायली, कप धुतला, पुसला, कपाटात ठेवला. परत आली तेव्हा आकृती वरून खाली उतरत होती. खांद्यापर्यंत आली होती. तिने विचारलं, "तू काही केलं आहेस का?" मी म्हणालो, संरक्षण वाढवलं आहे. ती म्हणाली, कोणापासून?

उत्तर लांबलचक होतं. ऐकायला थांबली नाही.


१० मार्च, गुरुवार

मेहुणा येऊन गेला. सोफ्यांचं दुकान आहे त्याचं. आपल्या बहिणीचं पुस्तक कुठवर आलं ते बघायला आला होता, पण येताच मला म्हणाला, "भावोजी, एकदा बंद करून चालू करा की."

लोकांना सगळं इतकं सोपं वाटतं. आजारी माणसाला, एकदा मरून परत या, असं कोणी सांगतं का? मी त्याला तसं म्हणालो. तो हसला आणि आमचा सोफा दाबून बघत बसला.

तो गेल्यावर बंद करून चालू केलं. केवळ त्याचं म्हणणं खोटं पाडायला. वेग बराच वाढला. योगायोगही असतात.


१२ मार्च, शनिवार

आज खरं काम झालं. बायको क्लासला गेल्यावर तिचा डेस्कटॉप बघितला आणि हात टेकले. स्क्रीनवर बोट ठेवायला जागा नाही. फाइलींची नावं अशी: बाही. बाही नवीन. बाही नवीन खरी. बाही शेवटची. बाही शेवटची यावेळी नक्की. गळ्यांचं तेच, खिशांचं तेच. दोन वर्षं ही बाई या उकिरड्यात बसून पुस्तक लिहिते आहे आणि मला कल्पना नाही.

सगळं लावून दिलं. आधी वर्षाप्रमाणे, मग विषयाप्रमाणे, मग महत्त्वाप्रमाणे. फोल्डरात फोल्डर, त्यात फोल्डर. प्रत्येकाला क्रमांक. डेस्कटॉपवर फक्त दारं ठेवली, छोटी छोटी, ओळीत. ऑफिसात माझ्या टेबलाचे ड्रॉवर लोक बघायला येतात. कशाला येतात ते सांगत नाहीत.

संध्याकाळी बायको म्हणाली, कॉलर कुठे आहे. मी म्हणालो, एकदा पद्धत समजून घे, मग आंधळ्यालाही सापडेल. पद्धत सांगितली. मग कॉलर शोधायला बसलो. मुलीचं जेवण झालं, बायकोचं झालं, माझं ताट झाकून ठेवलं. शेवटी "इतर" मध्ये "किरकोळ" मध्ये "मानेसंबंधी" मध्ये मिळाली. जिथे असायला हवी होती नेमकी तिथेच.

बायको चिडेल असं वाटलं होतं. चिडली नाही. "बरं," एवढंच म्हणाली. तिचं "बरं" मला कधी नीट कळलेलं नाही, पण आजचं कौतुकाचं असावं.


१३ मार्च, रविवार

मुलगी म्हणते, बाबा, आईच्या कामाचा बॅकअप आहे का? नव्या पिढीला वाटतं आम्हाला काही कळतच नाही. तिच्यासमोर पेनड्राइव्ह लावला आणि डेस्कटॉपवरचं सगळं त्यात टाकलं. डोळ्याची पापणी लवायच्या आत काम झालं. दोन वर्षांचं काम आणि क्षणात कॉपी. ही माझ्या फोल्डरांची करामत. फाइली सुटसुटीत ठेवल्या की हलक्या होतात.

पेनड्राइव्हमध्ये प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात एक छोटा बाण आला आहे. कॉपी झाल्याची खूण असणार.


१४ मार्च, सोमवार

बायकोला शिस्त लागली. मी स्वतः पाहिलं. कामाला बसते तेव्हा दोनचार फाइली समोर असतात. उठते तेव्हा डेस्कटॉप कोरा. माझ्या फोल्डरांत डोकावलं, तिथेही काही नाही. म्हणजे तिने स्वतःची अशी एखादी वेगळी व्यवस्था लावली. कुठे ठेवतेस, विचारलं. म्हणाली, सुरक्षित जागी.

एवढ्या वर्षांच्या संसारात माझी एक तरी सवय तिने उचलली. कोणाला सांगावंसं वाटलं. ऑफिसात सांगितलं.


१५ मार्च, मंगळवार

रजा टाकली. कारण सकाळी स्क्रीनवर पाटी: डिस्क भरत आली आहे. बायको घाबरली, आज तिला शेवटची दोन प्रकरणं जोडायची होती. मी म्हणालो, तू निर्धास्त क्लासला जा. ती निर्धास्त दिसली नाही, पण गेली.

साफसफाईचा प्रोग्राम कॉम्प्युटरमध्येच असतो, फक्त माणसाची तयारी हवी. तो विचारत जातो, हे काढू का, ते काढू का. तात्पुरत्या फाइली. जुने रिपोर्ट. रीसायकल बिन. शेवटच्यात एवढा कचरा साठला होता की माझा विश्वास बसेना. लोक फाइल डिलीट करतात आणि त्यांना वाटतं संपलं. डबा रिकामा कोण करणार? सगळ्यावर खुणा केल्या आणि होय म्हणालो. खात्री आहे का, विचारलं. पुन्हा होय म्हणालो. जागाच जागा झाली.

त्याच उत्साहात स्वयंपाकघरातला डबाही खाली नेऊन रिकामा केला. धुतला. पालथा घातला.

संध्याकाळ: बायको आली. आधी स्वयंपाकघरात गेली. पालथा डबा बघून थबकली. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा लग्नाच्या वेळच्या फोटोत आहे तसा होता. म्हणाली, "डबा तू धुतलास?" मी म्हणालो, त्यात काय मोठं.

मग कॉम्प्युटरपाशी बसली.

तिची व्यवस्था आता कळली. रोज काम संपलं की ती सगळ्या फाइली डिलीट करायची. दुसऱ्या दिवशी बिनमधून परत काढायची, काम करायची, परत डिलीट. मी आवाज न चढवता विचारलं की शहाणं माणूस दोन वर्षांचं काम कचऱ्यात ठेवतं का.

ती म्हणाली, "या घरातला कचरा तू आजवर कधी बाहेर काढला आहेस? तुझा हात पोचत नाही अशी एवढी एकच जागा मला माहीत होती."

तसं बघितलं तर आज काढला होता. दोन्हीकडचा. पण हे सांगायची ही वेळ नव्हे, असं मुलीच्या डोळ्यांवरून वाटलं.

मी घाबरलो नाही, कारण पेनड्राइव्ह होता. लावला. बाणांवर क्लिक केलं. प्रत्येक बाण म्हणतो की वस्तू मूळ जागी नाही. मुलीने सांगितलं, बाबा, तू घर कॉपी केलं नाहीस, दारावरच्या पाट्या कॉपी केल्यास.

प्रकाशकाकडे फक्त पहिलं प्रकरण आहे. इंचपट्टी कशी धरावी.


१६ मार्च, बुधवार

घरात कोणी बोलत नाही. शांततेत डोकं चांगलं चालतं. डिलीट झालेल्या फाइली परत आणणारे प्रोग्राम मिळतात असं वाचलं. एक उतरवून घेतला. अवाढव्य होता, पण काम अवाढव्य आहे. तो बसवण्याआधी दोन्ही पहारेकऱ्यांना अद्ययावत करावं लागलं. मग त्याने शोध सुरू केला आणि एक बाही परत आणली. परत आणलेल्या फाइली कुठे ठेवू, विचारलं. म्हणालो, इथेच, जिथे होत्या तिथे.

बाही उघडली. वरचा अर्धा भाग स्वच्छ, टिपांच्या रेघांसकट. खालचा राखाडी. पन्नास टक्के यश, तेही पहिल्याच दिवशी. दुसरी उघडत होतो तेवढ्यात मुलीने मागून येऊन प्लग उपसला. मागच्या आठवड्यात ज्या प्लगवरून एवढा तोरा, तो आज तिनेच उपसला. असो.

तिचं म्हणणं असं: डिलीट केलेली फाइल लगेच जात नाही. तिची खुर्ची रिकामी आहे एवढंच कॉम्प्युटर म्हणतो. दुसरं कोणी येऊन बसेपर्यंत ती तिथेच असते. "आणि तू सकाळपासून पाहुणे बोलावतो आहेस," म्हणाली.

उदाहरण ठीक आहे, पण माझ्या पन्नास टक्क्यांचा त्यात कुठेच उल्लेख नाही.


१७ मार्च, गुरुवार

चांगली बातमी. मुलीने एक बाई शोधून काढली आहे. बिघडलेल्या डिस्कमधून फाइली काढून देणं हाच तिचा धंदा. फोनवर म्हणाली, आज-उद्या जमणार नाही, सोमवारी सकाळी घेऊन या. आतापर्यंत झालं ते झालं, पण यापुढे काहीही केलं नाही तर बरंचसं निघेल. बायकोने तिला दोनदा विचारलं, बरंचसं म्हणजे किती. आकृत्या बहुतेक सगळ्या, असं ती म्हणाली. प्रकाशकानेही बुधवारपर्यंत थांबायचं कबूल केलं.

बायको आज जेवली.

मग तिने अस्तराचं कापड आणलं, कॅबिनेटला चारी बाजूंनी गुंडाळलं आणि हाताने शिवून टाकलं. चेन नाही, बटण नाही, गाठ नाही. सरळ शिवण. मी म्हणालो, एवढा अविश्वास? ती दोरा दाताने तोडत म्हणाली, धूळ बसू नये म्हणून.

धुळीचं तिला पटलं हे बरं झालं.


१९ मार्च, शनिवार

त्या खोळीकडे बघत बसलो. त्या बाईचा विचार येतो. अनोळखी माणूस. आपला कॉम्प्युटर उघडणार. आत काय दिसणार तिला? एकमेकांच्या छातीवर बसलेले दोन पहारेकरी. हवामानाची पट्टी. पत्ते. माझ्या फोल्डरांची रिकामी चाळ. अर्धी बाही. पाहुणे यायचे म्हटलं की आपण उशांचे अभ्रेसुद्धा बदलतो, आणि हे असं परक्याच्या हातात द्यायचं?

शब्द दिला आहे की काही करणार नाही. मी शब्दाचा पक्का आहे. फक्त विचार करतो आहे.


२० मार्च, रविवार, दुपार

बायको आणि मुलगी मेहुण्याकडे जेवायला गेल्या. माझं डोकं दुखत होतं.

विचार पूर्ण झाला. घरात वस्तू हरवली की आपण काय करतो? घर आवरतो. आवरताना ती मिळते. पलंग सरकवला की मागे पडलेला कंगवा दिसतो. हा प्रत्येक घराचा अनुभव आहे, त्याला शिक्षण लागत नाही. बायकोच्या फाइली आत कुठेतरी खाली पडल्या आहेत. वर माझे पाहुणे बसले आहेत, हे मुलीनेच सांगितलं. मग त्या पाहुण्यांना उठवायला नको? त्या बाईचं निम्मं काम आपणच करून ठेवलं तर तिचाही वेळ वाचेल.

खोळ एका बाजूने ब्लेडने हळूच उसवली. तारा जोडल्या. यंत्राला मूळ स्थितीत आणायची सोय आतच असते. मूळ स्थिती म्हणजे काय? बिघडण्याआधीची. हेच तर हवं आहे.

त्याने विचारलं, फक्त फाइली काढू की ड्राइव्ह पूर्ण साफ करू? पहिलं झटपट होतं. झटपट काम मला मुळातच पसंत नाही. दुसऱ्याखाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं की याला काही तास लागतील, पण काढलेल्या फाइली परत मिळवणं लोकांना अवघड जाईल. लोकांना, म्हणजे चोरांना. कुणाच्या पुस्तकातल्या बाह्या चोरीला गेलेल्या मला चालणार नाहीत. दुसरं निवडलं.

आकडा हळूहळू वर चढतो आहे. शेजारी खुर्ची टाकून बसलो आहे.

संध्याकाळ: झालं. इतकं नवं यंत्र आमच्याकडे विकत आणलं त्या दिवशीही नव्हतं. स्क्रीनवर एक निळं आकाश आणि माझं स्वागत. पहारेकरी नाहीत, पत्ते नाहीत, शीळही कमी झाली. आता त्या बाईला काही शोधावंच लागणार नाही. जे उरलं असेल ते समोरच दिसेल.

बंद केलं, तारा काढल्या, खोळ परत शिवली. बायको शिवते त्याला एवढं शास्त्र कशाला लागतं कोणास ठाऊक. सुई खाली, सुई वर, सुई खाली. बाजूला उभं राहून बघितलं. फरक कळत नाही.

त्या दोघी परत आल्या. बायको येताना हसत होती. मेहुणा म्हणाला म्हणे, पुस्तक छापून आलं की दुकानात सोफ्यावर प्रती मांडून ठेवीन. ती मला म्हणाली, उद्या तूही चल, कॅबिनेट जड आहे.


२१ मार्च, सोमवार

सकाळी तिघं त्या बाईच्या दुकानात गेलो. मी कॅबिनेट काउंटरवर ठेवलं. बायकोने पर्समधून छोटी कात्री काढली, खोळीची कड हातात धरली आणि थांबली. शिवणीवरून बोट फिरवत शेवटच्या टाक्यापर्यंत गेली.

"मी उलटी टीप घातली होती," ती म्हणाली. "हा धावदोरा आहे."

कात्री तिने त्या बाईकडे दिली आणि बाकावर जाऊन बसली. बाईने खोळ कापली, डिस्क काढून आपल्या यंत्राला लावली, बघितली, पुन्हा बघितली. आत काहीच नाही म्हणाली. मुलगी माझ्याकडे बघत होती. मी त्या बाईला मागे पडलेल्या फाइली नीट शोधायला सांगितलं. मागे काही नसतं, असं ती म्हणाली.

बायको उठून क्लासला गेली. तिची पहिली बॅच असते. मुलगी तिच्याबरोबर गेली.

मी कॅबिनेट घेऊन घरी आलो.